उपनगराचं आरोग्य शोधताना: आधी हद्दी, मग आकडे

दोन महायुद्धांच्या मधल्या काळातली इंग्लंडच्या उपनगरांमधली आरोग्यसेवा हा विषय घ्यायचा म्हटलं की विद्यार्थी आधी मोठमोठे ग्रंथ उघडतात. माझं म्हणणं, एक गाव धरा आणि तिथल्या मेडिकल ऑफिसर ऑफ हेल्थचे, म्हणजे स्थानिक कौन्सिलच्या आरोग्य अधिकाऱ्याचे, वार्षिक अहवाल काढा. लंडन आणि आसपासचे असे साडेपाच हजारांहून जास्त अहवाल वेलकम लायब्ररीने स्कॅन करून सगळ्यांसाठी मोफत ठेवलेत. पुण्यात बसून काम सुरू होतं. व्हिसा, फेलोशिप वगैरे नंतर बघू.

मी लंडनच्या पूर्वेचं डॅगनम घेतलं. लंडन काउंटी कौन्सिलने 1920 आणि 30 च्या दशकांत बेकनट्रीची अवाढव्य वसाहत बांधली, पण स्वतःच्या हद्दीबाहेर, शेजारच्या एसेक्स काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखं). तिचा मोठा भाग डॅगनममध्ये आला. 1921 मध्ये तिथे जेमतेम नऊ हजार लोक होते, 1931 मध्ये सुमारे 89 हजार! घरमालक लंडनचा, साथी, गटारं, कचरा स्थानिक कौन्सिलच्या गळ्यात, क्षयरोगाचे उपचार एसेक्स काउंटीकडे. गरिबांची मदत पुअर लॉच्या (गरिबांच्या मदतीचा जुना कायदा) गार्डियन्सकडे, म्हणजे त्यासाठी निवडलेल्या स्थानिक मंडळाकडे होती, ती 1929 च्या कायद्याने एप्रिल 1930 पासून काउंटीकडे गेली. माता-बालसंगोपन तर कुठे काउंटी बघायची, कुठे स्थानिक कौन्सिल. एखादी सेवा ‘नव्हती’ असं लिहिण्याआधी ती कोणाच्या दप्तरात असायला हवी, हे तपासा. मार्गदर्शक पहिला प्रश्न हाच विचारतात.

आता आकडे. अशा नव्या वसाहतीच्या अहवालात ढोबळ मृत्युदर (वय न बघता दर हजार लोकांमागे मृत्यू) फार कमी दिसतो आणि आपण लगेच मोकळ्या हवेचे, बागेच्या घरांचे गोडवे गायला लागतो. पण तिथे राहायला आली होती तरुण जोडपी आणि त्यांची पोरं. म्हातारी माणसंच कमी, तर मरणार कोण? त्यापेक्षा बालमृत्युदर, म्हणजे वर्षाच्या आतल्या बाळांचा मृत्युदर, बघा. तो दर हजार जन्मांमागे काढलेला असतो, त्यामुळे लोकसंख्येच्या अंदाजावर अवलंबून नसतो. आणि दर महिन्याला माणसं वाढत होती तिथे तो अंदाज किती डळमळीत असणार!

तक्त्यांच्या आसपास ‘ट्रान्सफर’ हा शब्द दिसला की थांबा. डॅगनमचा माणूस लंडनच्या इस्पितळात वारला, तरी तो मृत्यू हिशेबात डॅगनमला परत पाठवला जाई. उलट, स्थानिक इस्पितळात वारलेला बाहेरचा रुग्ण वजा होई. हे कळलं नाही तर दोन अहवालांतले आकडे जुळत नाहीत म्हणून रात्र जाते.

अहवाल अधिकाऱ्याने स्वतःच्या कौन्सिलसाठी लिहिलेला असतो, म्हणून जरा गुळगुळीत. कुरबुरी समित्यांच्या इतिवृत्तांत सापडतात. गरोदर बायकांना दूध फुकट द्यायचं की खरेदीच्या भावात, हे घरच्या उत्पन्नावर ठरायचं. ती उत्पन्नाची पट्टी वाचताना मला जेवढं कळलं, तेवढं कुठल्याही प्रस्तावनेने सांगितलं नाही.

घराघरातली माणसं शोधायची असतील तर 1931 च्या जनगणनेची आशा सोडा. इंग्लंड-वेल्सचे मूळ कागद 1942 मध्ये आगीत जळाले, छापील तक्ते तेवढे उरलेत. सप्टेंबर 1939 चं राष्ट्रीय रजिस्टर, म्हणजे युद्ध सुरू होताच केलेली घरोघरची नोंद, वापरता येतं. मात्र त्याच महिन्याच्या सुरुवातीला शहरांमधली लाखो मुलं गावाकडे हलवली होती, तेव्हा त्यावरून कुटुंबात मुलं किती हे मोजू नका.