गावची बाळंतपणाची वही कशी ठेवावी

‘दवाखान्यात किती बाळंतपणं झाली?’ हा प्रश्न गावच्या बैठकीत आता विचारूच नका. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीतच (२०१९-२१) कर्नाटकात ९७ टक्के बाळंतपणं दवाखान्यात होत होती. उत्तर ठरलेलं आहे, त्यातून नवं काही कळत नाही. मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात एएनएम, म्हणजे सरकारी आरोग्य केंद्राची गावोगाव फिरणारी नर्स, होते. आता निवृत्त आहे आणि गावच्या आरोग्य समितीतल्या बायकांना वही ठेवायला शिकवते. बाई आणि बाळ सुखरूप आहेत की नाही, हे त्या वहीवरून कसं ओळखायचं ते सांगते.

जाड पुठ्ठ्याची मोठी वही घ्या. एका गर्भारपणाला एक ओळ, समोरासमोरच्या दोन्ही पानांवर. नोंद बाईची करायची, दवाखान्याची नव्हे. आमच्या सीमाभागात तर हे फारच गरजेचं. सोयरिकी चंदगड, गडहिंग्लज, कागलपर्यंत. पहिलं बाळंतपण माहेरी. निपाणीची सून कोल्हापूरला जाते, चंदगडची लेक बेळगावला दाखल होते. “सिस्टर, मी उद्या माहेराला जातो,” म्हणून ओटी भरून बाई गेली की आपल्या यादीतून ती नाहीशी होते, आणि तिकडच्या आशाच्या लेखी ती पाहुणी. नेमके तेच दिवस जिवाला सगळ्यांत धोक्याचे.

म्हणून ओळीच्या सुरुवातीला सासरचं नाव, माहेरचं नाव (लग्नात बदललेलं असतं), तायी कार्डावरचा (कर्नाटकात गर्भार बाईला मिळणारं सरकारी कार्ड) आरसीएच नंबर, म्हणजे तिचा सरकारी नोंदणी क्रमांक, आणि माहेरच्या घरातला फोन. नवऱ्याच्या एकट्या फोनवर विसंबू नका. तो गोव्यात कामाला असतो, ‘बरी आहे’ याच्यापुढं त्याला काही ठाऊक नसतं.

पुढचा रकाना शेवटच्या पाळीचा. तारीख कुणालाच आठवत नाही, सण मात्र आठवतो. “गौरीच्या दिवशी बाजूला होतीस काय गे? मग नवरात्रात?” असं विचारलं की दोन-चार दिवसांच्या फरकानं तारीख हाती येते. तिच्यात नऊ महिने सात दिवस मिळवा, बाळंतपणाची अंदाजे तारीख निघाली. पहिली नोंद बारा आठवड्यांच्या आत झाली का, तेही इथंच दिसतं.

तपासण्या किमान चार. या रकान्यांत बरोबरची खूण करायची नाही, आकडा लिहायचा. खूण म्हणजे बाई जाऊन आली, एवढंच. रक्तदाब १४०/९० किंवा वर असेल तर त्याच दिवशी दवाखाना. हिमोग्लोबिन ११ च्या खाली म्हणजे रक्त कमी, ७ च्या खाली म्हणजे थांबायला वेळ नाही. ८.२, ८.३, ८.१ असे आकडे ओळीनं दिसले तर लोहाच्या गोळ्या ट्रंकेत पडल्यात, असा माझा पहिला संशय. १८० गोळ्या वाटल्याची नोंद सगळीकडं सापडते. तुम्ही रिकाम्या पट्ट्या दाखवायला सांगा.

आता सगळ्यांत अवघड रकाना: शेवट. प्रत्येक ओळीला शेवट हवाच. जिवंत बाळ, मेलेलं जन्मलं, गर्भ पडला, जे असेल ते. मेलेल्या बाळाबद्दल घरात कुणी बोलत नाही. माहेरी पुरलं, सासरी कळवलं, आणि दोन्ही गावांच्या कागदावर काहीच नाही. हळू आवाजात, सासू जवळ नसताना विचारा: रडलं होतं का? श्वास घेतला? हातपाय हलवले? एक श्वास जरी घेतला असेल तर तो जिवंत जन्म आणि मग नवजात मृत्यू. मेलेलं जन्मलं असं लिहून मोकळं होऊ नका. बाळाचा मागोवा २८ दिवस, आईचा ४२ दिवस. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर आशाच्या घरभेटी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी असतात, त्यातल्या कुठल्या झाल्या तेवढं लिहा. बेळगावच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजच्या संशोधकांची जिल्ह्यातली नोंदवहीही याच रीतीची: गर्भारपणापासून बाळंतपणानंतरच्या ४२ दिवसांपर्यंत.

वर्ष संपलं की टक्केवारी काढायचा मोह होतो. काढू नका. २०१८-२० मध्ये कर्नाटकाचा मातामृत्यूचा आकडा लाख जिवंत जन्मांमागं ६९ होता.  पाच हजार वस्तीच्या गावात वर्षाला ऐंशीएक बाळं जन्मतात असं धरलं, तर या हिशेबानं अठरा वर्षांत एक मृत्यू. तेव्हा ‘यंदा मातामृत्यू शून्य’ म्हणून पंचायतीनं पाठ थोपटून घेण्यात काही अर्थ नाही. गतसालाशी ताडून पाहायचं ते हे: बारा आठवड्यांच्या आत किती आल्या, नवव्या महिन्यात किती जणींचं रक्त ११ च्या खाली, अडीच किलोच्या आतली बाळं किती, आणि शेवट न लागलेल्या ओळी किती. मी आधी शेवटचा आकडा बघते. तोच मोठा असेल तर बाकीच्यांवर माझा विश्वास नाही.

बाळाचं काम त्या मानानं सोपं. सहा, दहा, चौदा आठवड्यांच्या लसी, नऊ महिन्यांची गोवर-रुबेला. सहा महिन्यांनंतर दंडाचा घेर मोजायची पट्टी: १२.५ सेंटिमीटरच्या खाली लक्ष ठेवा, ११.५ च्या खाली लगेच डॉक्टर.

मृत्यू झालाच तर वेळा लिहा, दोष नको. कळा कधी सुरू झाल्या, जायचं कधी ठरलं, गाडी कधी आली, दवाखाना कधी गाठला, डॉक्टरांनी कधी पाहिलं. कणकुंबी, जांबोटीकडच्या जंगलातल्या वाड्यांवर पावसाळ्यात उशीर रस्त्यावर होतो, तर पक्क्या सडकेवरच्या गावात बऱ्याचदा घरातच होतो. दोन्हींवरचे उपाय वेगळे. रीतसर चौकशी आरोग्य खातं करतं, त्यांना या वेळा द्या. सासूला आरोपी करून बसवलंत तर पुढच्या घरी कुणी तोंड उघडणार नाही.

वही मराठीत लिहा, भरणाऱ्या बायकांना तीच येते. आरोग्य केंद्रात द्यायचा महिन्याचा कागद अंगणवाडीच्या बाईंकडून कन्नडमध्ये करून घ्या. बैठकीत आकडे वाचा, नावं वाचू नका. शेवटाच्या रकान्यात ‘गर्भपात’ असं न लिहिता आपसांत ठरवलेला एक अंक घाला, आणि वही पंचायतीच्या उघड्या कपाटात न ठेवता कुलपात ठेवा.