क्रूझ कंट्रोल कसे वापरावे

साधे क्रूझ कंट्रोल अ‍ॅक्सिलरेटरवर पाय नसतानाही गाडीचा ठरवलेला वेग राखते, एवढेच. समोरचा रस्ता पाहणे आणि वेळेवर थांबणे ही कामे चालकाचीच राहतात. म्हणून सरळ, कोरडा आणि विरळ वाहतुकीचा रस्ता लागेपर्यंत ते सुरूच न केलेले बरे.

आधी मुख्य बटण दाबावे. त्याने डॅशबोर्डवर चिन्ह उमटते, पण वेग अजून ठरलेला नसतो. नवखे चालक नेमके इथेच पाय उचलतात आणि गाडी मंदावली की गोंधळतात. हवा तो वेग, समजा ताशी ८० किलोमीटर, गाठून ‘सेट’ दाबावे आणि मगच अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढावा. पुढे अधिक-उणे बटणांनी वेग थोडा थोडा बदलता येतो. ओव्हरटेक करताना नेहमीसारखा अ‍ॅक्सिलरेटर दाबावा. पाय काढल्यावर गाडी आपोआप ठरलेल्या वेगावर येते.

ब्रेक दाबला किंवा ‘कॅन्सल’ केले, की क्रूझ कंट्रोल थांबते, मात्र ठरवलेला वेग यंत्रणेच्या स्मरणात राहतो आणि ‘रिझ्यूम’ दाबताच गाडी त्याच वेगाकडे धावते. याच बटणाची मला सर्वांत जास्त धास्ती वाटते. ताशी १०० किलोमीटर ठरवून निघालेला चालक गर्दीमुळे ४० वर येतो आणि रस्ता पुरता मोकळा होण्याआधीच सवयीने ‘रिझ्यूम’ दाबतो. गाडी जोर धरते आणि समोरच्या वाहनापर्यंतचे अंतर झपाट्याने संपू लागते. अशा वेळी आधी स्वतः वेग वाढवून मग नव्याने ‘सेट’ करावे.

ओल्या रस्त्यावर ही सोय बंदच ठेवावी, कारण चाकांची पकड सुटली तरी यंत्रणा वेग टिकवण्यासाठी इंजिनाला जोर देत राहू शकते. उतारावर अनेक गाड्यांतील साधी यंत्रणा ब्रेक लावत नाही, त्यामुळे वेग ठरवल्यापेक्षा वाढतो; तिथे खालचा गिअर टाकून गाडी स्वतःच्या हाती घ्यावी.

अ‍ॅडॅप्टिव्ह प्रकारात रडार किंवा कॅमेरा पुढच्या वाहनाशी अंतर राखतो खरा, पण रस्त्यात थांबलेले वाहन त्याच्या नजरेतून सुटू शकते. ताशी ९० किलोमीटर वेगात गाडी एका सेकंदात २५ मीटर जाते, तेव्हा पाय मोकळा असला तरी तो ब्रेकच्या जवळच ठेवावा, मांडी घालून बसू नये.