मन सारखं काहीतरी मागत असेल तर: सोलापूरकरांसाठी ओढ आटोक्यात आणण्याची रीत

रील बघून कंटाळा आलेला असतो, तरी अंगठा थांबत नाही. पोट भरलेलं असतं आणि फरसाणाचा डबा पुन्हा उघडला जातो. मजा कधीच संपलेली असते, ओढ मात्र चालूच राहते. काही जणांमध्ये ही ओढ इतरांपेक्षा लवकर पेटते आणि उशिरा विझते. एडीएचडी (लक्ष टिकवणं आणि उतावीळपणा आवरणं अवघड जाण्याची मेंदूची अवस्था) असलेल्यांमध्ये, घरात व्यसनाची पार्श्वभूमी असलेल्यांमध्ये, झोप कमी आणि ताण जास्त असलेल्यांमध्ये हे जास्त दिसतं. अशा माणसाला घरचे 'मनावर ताबा नाही' म्हणून बोलत राहतात. त्याने काही साधत नाही, कारण दुखणं दुसरीकडे आहे.

मेंदूतल्या डोपामिनला आनंदाचं रसायन म्हणतात, ते अर्धवट खरं आहे. मेंदूचे अभ्यासक केंट बेरिज यांच्या प्रयोगांत उंदरांच्या मेंदूतलं डोपामिन जवळजवळ संपवलं, तरी जिभेवर गोड ठेवल्यावर आवडल्याचे हावभाव तसेच राहिले. उठून खाण्याची धडपड मात्र गेली. म्हणजे 'हवंय' आणि 'आवडलं' या मेंदूत वेगळ्या गोष्टी आहेत, आणि डोपामिनचा संबंध मुख्यतः पहिलीशी. दुसरे मेंदू-अभ्यासक वोल्फ्राम शुल्त्झ यांनी माकडांवर दाखवलं की सराव झाला की डोपामिनच्या पेशी फळांचा रस मिळताना नव्हे, तर रस मिळणार अशी खूण दिसताच उसळतात. २००३ मध्ये त्यांच्याच गटाला आणखी एक गोष्ट आढळली: मिळेल की नाही हे निम्मं-निम्मं अनिश्चित असताना वाट पाहण्याच्या काळात या पेशी सर्वांत जास्त चाळवलेल्या राहतात. पुढची रील भारी निघेल की भंकस, हे माहीत नसणं हीच तिची पकड.

म्हणून 'डोपामिनचा उपवास', म्हणजे काही काळ सगळी मजा बंद ठेवणं, याने काही भरून येत नाही. चालायला, लक्ष द्यायलाही डोपामिन लागतंच. काम करायचं ते तीन जागी: खूण, अनिश्चितता, आणि हात त्या वस्तूपर्यंत पोचायला लागणारा वेळ.

आधी सात दिवस फक्त नोंद

या आठवड्यात काहीही बंद करू नका. खिशात मावेल अशी वही घ्या. मोबाइलमध्ये नोंद करायला गेलात की तिथेच अडकाल. एक नोंद अशी दिसते: 'दु. २.१०, कूलरसमोर आडवा, जेवून अर्धा तास, झोप येत नाही. रील, ५० मिनिटं. आधी ओढ ८, नंतर समाधान ३.' शेवटचे दोन आकडे दहापैकी द्यायचे आणि ते चुकवायचे नाहीत. आठवड्याच्या शेवटी ज्या गोष्टीत या दोन आकड्यांत सर्वांत मोठी तफावत आहे आणि जी रोज घडते, ती एकच निवडा. मोबाइल, साखर, चहा, तंबाखूचा मावा सगळं एकदम सोडायला घेतलं की चौथ्या-पाचव्या दिवशी सगळंच परत येतं. आणि ज्यात ओढही ८ आणि समाधानही ८ आहे, त्याला हात लावू नका. ते तुमचं खरं सुख आहे.

मोबाइल

यूट्यूबवर प्रोफाइलमधून 'मॅनेज ऑल हिस्ट्री'मध्ये जाऊन वॉच हिस्ट्री बंद करा आणि जुनीही पुसून टाका. होम पानावरच्या शिफारशी थांबतात, जे हवंय ते स्वतः शोधावं लागतं. सगळ्या सेटिंगांमध्ये आम्ही हिला पहिला नंबर देऊ. अँड्रॉइडवर 'डिजिटल वेलबीइंग'च्या 'बेडटाइम मोड'मध्ये ग्रेस्केल चालू करा, म्हणजे पडदा काळा-पांढरा होतो. आयफोनवर ते 'अॅक्सेसिबिलिटी', 'डिस्प्ले अँड टेक्स्ट साइझ', 'कलर फिल्टर्स' असं सापडतं. इन्स्टाग्राम काढून टाका आणि लागलंच तर ब्राउझरमधून उघडा, दर वेळी लॉगआउट करून. पासवर्ड टाकण्याचा तो अर्धा मिनिट बरंच काम करतो. अॅपला वेळेची मर्यादा घालणं मात्र एकट्याने फारसं टिकत नाही, कारण मर्यादा काढणं दोन टिचक्यांचं काम असतं.

सोलापुरात एक वेगळी अडचण आहे. नळाला पाणी काही दिवसांआड येतं, आणि पाण्याच्या वेळेचा मेसेज गल्लीच्या ग्रुपवर पडतो, म्हणून ग्रुप म्यूट करायला कुणी धजत नाही. घरातल्या एकाच माणसाकडे तो ग्रुप चालू ठेवा, त्याने बाकीच्यांना हाक मारायची. जो एकटा राहतो त्याने शेजाऱ्याला 'पाणी आलं की फोन कर' असं सांगून ठेवावं. फोनची रिंग चालू, बाकी सगळ्या सूचना बंद.

रात्री चार्जर स्वयंपाकघरात लावा. उठायला साधं गजराचं घड्याळ आणा. 'गजरासाठी मोबाइल उशाशी लागतो' ही सबब त्याने मिटते.

ओढ आल्यावर काय करायचं

व्यसनांवर काम केलेले मानसशास्त्रज्ञ अॅलन मार्लॅट यांची एक पद्धत इथे उपयोगी पडते. ओढ चढते, टोकाला जाते आणि ओसरते. तिला खाद्य मिळालं नाही तर बहुधा वीस-तीस मिनिटांत ती उतरणीला लागते. तेव्हा 'नाही' म्हणू नका, 'दहा मिनिटांनी' म्हणा. घड्याळ लावा. त्या वेळात अंगात ओढ नेमकी कुठे जाणवते ते बघा: जबडा घट्ट झालाय, बोटं चाळवताहेत, छातीत घाई आहे. जिथे जाणवेल तिथे लक्ष ठेवून श्वास सावकाश सोडा, आत घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावा. दहा मिनिटांनी ओढीला पुन्हा आकडा द्या. आठाचा पाच झाला असेल तर आणखी दहा मिनिटं. नसेल झाला आणि तुम्ही ती गोष्ट केलीत, तरी सराव वाया जात नाही. खूण आणि कृती यांच्यात फट पडलेली असते.

हे मनाशी भांडत केलं तर उलटतं. 'रील बघायची नाही' असं घोकत बसलात तर रीलच डोक्यात राहते.

दुपारी १ ते ४

सोलापूरकरांच्या वहीत सर्वांत जास्त नोंदी याच वेळेच्या निघतील. मे महिन्यात पारा ४२-४३ च्या पुढे जातो, बाहेर पाऊल टाकवत नाही, दारं-खिडक्या बंद, कूलर चालू आणि माणूस आडवा. आडवं पडणं, अंधार आणि कंटाळा या तिन्ही खुणा एकत्र आल्या की हात आपोआप मोबाइलकडे जातो. थंडीतला बेत इथे चालत नाही, उन्हाळ्याचा वेगळा करावा लागतो.

जेवणात भाकरीबरोबर डाळ, मटकीची उसळ किंवा ताक असू द्या. नुसत्या भातावर लवकरच गोड खावंसं वाटतं. जेवल्यावर मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून २० ते ३० मिनिटं झोपा, गजर लावून. त्याहून लांब झोप झाली तर उठल्यावर चिडचिड आणि रात्री जागरण. उठलात की हाताला काम हवं: शेंगा सोलणं, धान्य निवडणं, कपड्यांना इस्त्री, शिवणाचं मशीन, कॅरम. हात गुंतलेले असणं महत्त्वाचं, नुसतं पुस्तक पहिल्या आठवड्यात पुरत नाही. ही कामं आधी बेचव वाटतील. दोन-तीन आठवड्यांत चव यायला लागते, तोवर कंटाळा सोसायचा.

व्यायाम सकाळी साडेसातच्या आत किंवा दिवेलागणीनंतर. होम मैदान किंवा कंबर तलावाकडे ३० मिनिटं, बोलता येईल पण गाता येणार नाही इतक्या वेगाने. कानात काही न घालता.

यंत्रमागावर रात्रपाळी असेल तर घड्याळ उलटं धरा. तिथला धोक्याचा क्षण म्हणजे सुताची कांडी बदलून माग पुन्हा सुरू होतो तो. काम नाही, पण जागाही सोडता येत नाही, आणि हात खिशात जातो. मोबाइल डब्याच्या पिशवीत ठेवा, खिशात नको. चालत्या मागाशेजारी तो अपघातालाही कारण होतो. पाळी संपायच्या पाच-सहा तास आधी शेवटचा चहा. कॅफिन निम्मं उतरायलाच साधारण पाच तास लागतात आणि अपुऱ्या झोपेने दुसऱ्या दिवशीची ओढ वाढते.

मजा बंद करायची नाही, तिला शेवट द्यायचा

संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेत पाळण्यात बसलात, भजी खाल्लीत, पैसे उडवलेत, तरी बिघडत नाही. जत्रेला जागा असते, दिवस असतात आणि ती उठते. मोबाइलवरची जत्रा उठत नाही, म्हणून शेवट आपण ठरवायचा. मालिका असेल तर एक भाग, ऑटोप्ले बंद. गोड असेल तर ताटात वाढून घ्यायचं, डबा जवळ घ्यायचा नाही.

कुठे बिघडतं

एक सोडलं की दुसरं वाढतं. मोबाइल कमी झाल्यावर टपरीवरच्या फेऱ्या, मावा किंवा ऑनलाइन खरेदी वाढली का, हे वहीत बघा. खरेदीसाठी साठवलेली कार्डं काढून टाका आणि कार्टमध्ये टाकलेली वस्तू २४ तासांनीच घ्या. पैशाच्या खेळांची किंवा मटक्याची ओढ असेल तर खात्याचा कारभार काही महिने घरातल्या विश्वासू माणसाकडे द्या. हरलेले पैसे परत मिळवायला म्हणून पुन्हा एक पैसाही लावू नका.

दुसरं, एकदा घसरल्यावर 'आता गेलंच सगळं' म्हणून दिवसभर सुटणं. घसरलात तर तेवढीच नोंद करा, कारण लिहा आणि पुढच्या तासापासून चालू ठेवा.

रोज भरपूर दारू पिणाऱ्याने मात्र ती स्वतःच्या मनाने एकदम थांबवू नये. झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, जीवावर बेतू शकतं. ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. तंबाखू आणि मावा सोडायला १८००-११-२३५६ ही मोफत सेवा आहे.

डॉक्टरकडे कधी

लहानपणापासून लक्ष टिकत नाही, वस्तू हरवतात, कामं अर्धी राहतात, असं असेल तर एडीएचडीची तपासणी करून घ्या. औषधाने ओढही कमी होऊ शकते. झोपेची गरजच वाटत नाही, बोलणं सुसाट आणि खर्च बेफाम, असं काही दिवस सलग चाललं असेल तर डॉक्टरकडे जायला थांबू नका. पार्किन्सनच्या (कंपवाताच्या) काही गोळ्यांनी, उदाहरणार्थ प्रॅमिपेक्सोलने, जुगाराची किंवा खरेदीची अनावर ओढ लागू शकते. गोळी स्वतः बंद न करता लिहून देणाऱ्या डॉक्टरांना सांगा.

सोलापूरच्या सिव्हिल हॉस्पिटलच्या मानसोपचार बाह्यरुग्ण विभागात दाखवता येतं. जाताना वही न्या, शिवाय चालू गोळ्यांची पाकिटं. जीव द्यावासा वाटत असेल किंवा रात्री-अपरात्री कुणाशी बोलायचं असेल तर १४४१६ वर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन लावा. सेवा चोवीस तास आणि मोफत आहे, मराठीतून बोलता येतं.