कॅन्सरचा मार्कर पकडणारं पॉलिमर बनवताय? या चुका टाळा

माझे वडील कोल्हापूरच्या उद्यमनगरात पॅटर्न बनवायचे. लाकडी पॅटर्न वाळूत बसवायचा, अलगद उचलायचा, उरलेल्या पोकळीत ओतकाम. मॉलिक्युलर इम्प्रिंटिंगही तसंच. हव्या त्या रेणूभोवती (इथे कॅन्सरचा संकेत देणारा मार्कर; साच्यासाठी घेतलेल्या या रेणूला टेम्प्लेट म्हणतात) मोनोमर, म्हणजे पॉलिमरचे सुटे घटक, जमवायचे, क्रॉसलिंकरने, म्हणजे साखळ्या एकमेकींना बांधणाऱ्या रसायनानं, जाळं घट्ट करायचं आणि रेणू धुऊन काढायचा.

प्रोजेक्टची मुलं आनंदानं सांगत येतात, "सर, पॉलिमरनं जवळजवळ सगळा मार्कर उचलला!" मी एवढंच विचारतो, टेम्प्लेट न घालता, बाकी कृती तीच ठेवून केलेल्या पॉलिमरनं किती उचलला? बऱ्याचदा ते केलेलंच नसतं. त्यानंही तेवढाच उचलला तर तुमच्याकडे साचा नाही, नुसता चिकटपणा आहे.

दुसरा घोळ नुसत्या बफरमध्ये, म्हणजे आम्लता स्थिर ठेवणाऱ्या स्वच्छ द्रावणात, चाचणी करून खूश होण्याचा. सीरममध्ये (रक्त गोठल्यावर उरणाऱ्या द्रवात) अल्ब्युमिन हे प्रथिन मिलिलिटरला 35 ते 50 मिलिग्रॅम असतं, आणि प्रोस्टेट ग्रंथीच्या पीएसए या मार्कर प्रथिनाची नेहमी वापरली जाणारी मर्यादा मिलिलिटरला 4 नॅनोग्रॅम. म्हणजे सुमारे एक कोटी पट फरक. जोतिबाच्या चैत्र यात्रेत हरवलेला माणूस शोधणं याहून सोपं! म्हणून पहिल्या आठवड्यातच अल्ब्युमिन मिसळून चाचणी घ्या. मार्करवरची साखरेची साखळी पकडायला बोरॉनिक आम्ल वापरत असाल, तर ग्लुकोजही मिसळा. तेही त्याला बिलगतं.

अख्खं प्रथिन टेम्प्लेट म्हणून घेणं महागात पडतं. ते जाड जाळ्यात अडकतं, बाहेर निघत नाही. दोन वाटा आहेत. एक, प्रथिनाचा बाहेर डोकावणारा छोटा तुकडा, म्हणजे एपिटोप, टेम्प्लेट म्हणून घ्या. पण अमिनो आम्लांचा तोच क्रम रक्तातल्या दुसऱ्या प्रथिनात नाही ना, हे प्रथिनांच्या डेटाबेसमध्ये आधी तपासा. दुसरी, नॅनोकणाच्या पृष्ठभागावर पातळ थर द्या. थर प्रथिनाच्या उंचीपेक्षा जाड झाला की पॅटर्न वाळूत गाडला म्हणून समजा.

धुण्यात आळस नको. आत राहिलेलं टेम्प्लेट चाचणीच्या वेळी हळूहळू झिरपतं आणि कोऱ्या नमुन्यातही मार्कर दिसतो. लहान रेणूंसाठी चालणारं मेथनॉल-ॲसेटिक आम्ल प्रथिनाला लावलं तर ते आतच गोठून बसू शकतं. तिथं एसडीएस (एक डिटर्जंट) आणि ॲसेटिक आम्ल बरं, पण नंतर एसडीएसही पूर्ण काढा. उरलं तर तेच प्रथिनं ओढतं. शेवटच्या धुवणात काही सापडत नाही, हे मोजून पाहा. डोळ्यांवर भरवसा नको.

जेल जमतच नाही? बहुधा ऑक्सिजन विक्रिया अडवतोय. नायट्रोजन सोडा, मोनोमरमधला इनहिबिटर (साठवणीत तो आपोआप जमू नये म्हणून घातलेलं रसायन) ॲल्युमिनाच्या कॉलममधून काढा. विक्रिया सुरू करणाऱ्या एआयबीएनसाठी साठ अंशांवर तापवाल तर प्रथिनाचा आकारच बिघडू शकतो. त्याऐवजी एपीएस-टेमेड ही जोडी खोलीच्या तापमानाला काम करतं.

आणि पीएसए पकडला म्हणजे कॅन्सर सापडला, असं पोस्टरवर लिहू नका. वाढलेल्या किंवा सुजलेल्या प्रोस्टेटमध्येही तो वाढतो. रुग्णांचे नमुने लागणार असतील तर एथिक्स कमिटीचा अर्ज आजच भरायला घ्या, त्यात महिने जातात.