कुत्र्यावरचे गोचीड वेचताय? आधी मागचा ढीग बघा

नाशिकजवळच्या गिरणारे गावाच्या पुढे आमचं झाडीतलं दीड एकर आहे, साग, आंबा, बांबू, त्यामुळे पावसाळ्यात ओळखीपाळखीचे फोन सुरूच, कुत्र्याला गोचीड झालेत काय मारू. अरे मारायचं नंतर बघू, कुत्रा झोपतो कुठे ते सांग आधी.

सगळ्यात मोठी चूक मीच केलीय. दोन दिवस खपून सागाचा पाला झाडला आणि खत होईल म्हणून कुत्र्याच्या खोपटाच्या मागच्या भिंतीला टेकवून ढीग लावला. साहेबांनी त्यात खड्डा करून गादीच केली. थोड्या दिवसांत भिंतीवर रांगा, पार पत्र्यापर्यंत. रक्त पिऊन टम्म झालेली मादी कुत्र्यावर थांबत नाही ना, खाली पडते, फटीत नाहीतर पाचोळ्यात शिरते, दोन-तीन हजार अंडी घालते आणि मरते, आणि आपण अंगावरचे दहा वेचून खूश. शेवटी ढीग पार बांधाच्या टोकाला उन्हात नेला, भेगा सिमेंटने बुजवल्या, गोणपाट उकळत्या पाण्यात घातलं. तरी पुढचा पावसाळा उजाडेपर्यंत अधूनमधून दिसतच होते, महिनोन्‌महिने उपाशी राहू शकतात ते. आठ दिवसांत फरक पाहिजे असेल त्याने झाडीत जागा घेऊच नये.

पाला जागेवरच पेटवून द्यायचा शहाणपणा नको, आपल्याकडे वणवे कमी लागतात का.

गोचीड उडत नाही, उडी पण मारत नाही, गवताच्या शेंड्यावर पुढचे पाय पसरून वाट बघतो. म्हणून पायवाटेचं गवत बुटकं ठेवा, घर आणि झाडीच्या मध्ये तीन फूट खडीचा पट्टा टाका. मी दव वाळलं की जुनी पांढरी चादर गवतावरून ओढतो, किती चिकटले ते मोजतो, मग ठरवतो कुठे कापायचं.

कडुलिंबाचं तेल एकदा फवारून निवांत बसणारे पण आहेत, उन्हात ते किती टिकणार. कोंबड्या टिपतात थोडेफार, भरवशाच्या नाहीत.

आणि चिकटलेल्या गोचिडावर रॉकेल ओतणं, काडीचा चटका देणं बंद करा राव. बारीक चिमट्याने कातडीला लागून पकडायचा, सरळ वर ओढायचा, पिळायचा नाही, बोटाने चिरडायचा तर नाहीच. स्पिरिटच्या बाटलीत टाकायचा. आमच्याकडे ती जॅमची बाटली ओट्यावरच्या खिडकीत असते, बायको तिकडे बघत नाही.