इलिप्टिक कर्व्हची पॉइंट ॲडिशन शिकवताय? चित्र काढताना या चुका टाळा

दुसऱ्यांच्या क्रिप्टोग्राफीच्या स्लाइड्स तपासून द्यायचं काम माझ्याकडे बऱ्याच वर्षांपासून येतं, आणि इलिप्टिक कर्व्हची स्लाइड आली की मी लाल पेन उघडूनच बसतो. सूत्रं सहसा बरोबर असतात कारण ती कुठूनतरी उतरवून घेतलेली असतात, चुकतं ते शेजारचं चित्र. आणि मुलांच्या डोक्यात सूत्र टिकत नाही, चित्र टिकतं, पुढे नोकरीला लागून कोड लिहायला बसले तरी तेच चित्र डोळ्यांपुढे असतं, म्हणून मला या गोष्टीचा इतका राग येतो.

आधी एक छोटी गोष्ट. इलिप्टिक कर्व्ह म्हणजे लंबवर्तुळ नाही. लंबवर्तुळाच्या परिघाची लांबी काढताना जी इंटिग्रल्स येतात त्यांच्यावरून हे नाव आलंय, त्यामुळे पहिल्या स्लाइडवर अंड्यासारखा आकार टाकू नका. इथे कर्व्ह म्हणजे वाय² = एक्स³ + ए·एक्स + बी या समीकरणाचा आलेख. पॉइंट ॲडिशन म्हणजे त्यावरच्या दोन पॉइंटची बेरीज: दोघांमधून रेष ओढायची (पॉइंटची दुप्पट करायची तर तिथली स्पर्शिका), ती कर्व्हला तिसऱ्यांदा जिथे भेटते तो पॉइंट एक्स अक्षात उलटवायचा. 'इन्फिनिटी' हा एक मानलेला जादा पॉइंट, या बेरजेतला शून्य.

माझा फळ्यावरचा ठरलेला कर्व्ह आहे वाय² = एक्स³ − ४एक्स + ४. यावर (−२, २), (०, २), (१, १), (२, २) असे सरळ पूर्णांकांचे पॉइंट मिळतात, आणि त्यांची खालची जोडी पण. असा कर्व्ह आधी शोधून ठेवा. वर्गात उभं राहून आयत्या वेळी 'समजा हा पी आणि हा क्यू' म्हणत कुठेही ठिपके द्यायचे, हीच सगळ्या चुकांची सुरुवात आहे.

तिसरा पॉइंट दिसला नाही की 'इन्फिनिटी' म्हणणं

ही चूक मी स्वतः केलीये आणि अजून विसरलो नाही. शिकवायला लागून फार दिवस झाले नव्हते, याच कर्व्हचं चित्र हातानेच काढलं, पी म्हणून (०, २) घेतला, क्यू म्हणून (१, १), पट्टी लावून रेष ओढली. डावीकडे रेष कर्व्हच्या वरून निघून गेली, उजवीकडे कर्व्हच्या पोटात शिरली ती बाहेर येईचना. एकाने विचारलं, सर तिसरा पॉइंट कुठंय? तास संपायला पाच मिनिटं होती, मी म्हटलं सापडत नाही म्हणजे इन्फिनिटीला भेटते, आणि सगळ्यांनी ते वहीत लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी एक मुलगी वही घेऊन आली. तिने रात्री सूत्रात आकडे घातले होते. रेषेचा चढ (१ − २) भागिले (१ − ०), म्हणजे −१. उत्तराचा एक्स = चढाचा वर्ग वजा दोन्ही एक्स, म्हणजे १ − ० − १ = ०. वाय = −१ × (० − ०) − २ = −२. उत्तर (०, −२). सर, इन्फिनिटी कुठे आली यात?

तिचं बरोबर होतं. ती रेष (०, २) ला कर्व्हला नुसती छेदत नाही, स्पर्श करते, म्हणून तो पॉइंट दोनदा मोजायचा असतो, तिसरा पॉइंट पी स्वतःच आहे आणि पी + क्यू म्हणजे उणे पी. मी हाताने काढलेल्या चित्रात तिथे स्पर्श न दिसता चक्क छेद दिसत होता. शिवाय जरा थांबून विचार केला असता तर लक्षात आलं असतं की बेरीज इन्फिनिटी आली तर क्यू हा पी चं प्रतिबिंब असायला हवा, म्हणजे (०, −२), आणि इथे तर तो (१, १) आहे. पूर्ण बॅचला ते वाक्य खोडायला लावलं, पण तोवर दोघांच्या प्रोजेक्टमध्ये 'तिसरा सापडला नाही तर इन्फिनिटी परत कर' अशी ओळ जाऊन बसली होती. ती शोधून काढायला आठवडा गेला, कारण बाकीच्या बहुतेक इनपुटवर कोड नीट चालत होता.

तर, रेष उभी असेल तरच इन्फिनिटी. म्हणजे क्यू हा पी च्या बरोबर खाली किंवा वर असेल तेव्हा, किंवा ज्याचा वाय शून्य आहे अशा पॉइंटची दुप्पट करत असाल तेव्हा. बाकी कधीच नाही. आणि ती इन्फिनिटी वर एक आणि खाली एक अशी दोन टोकं काढून दाखवू नका, तो एकच पॉइंट आहे.

याच चुकीचं भावंड म्हणजे तिसरा पॉइंट फळ्याबाहेर असणं. (१, −१) आणि (२, २) घ्या. चढ ३, तिसरा छेद (६, १४) ला. फळ्यावर एक्स जेमतेम ३ पर्यंत गेलेला असतो, मग घाईतला माणूस कर्व्ह थोडा वाकवून रेषेला आतच कुठेतरी भेटवतो. नका करू हे. फळ्याच्या कडेला बाण काढा, 'इथून पुढे (६, १४)' लिहा, उत्तर (६, −१४) सांगा आणि पुढे चला. मुलांना हे चालतं. खोटं चित्र मात्र पुढे कुठेतरी नडतंच.

प्रतिबिंब विसरणं

(−२, २) आणि (०, २) मधून आडवी रेष जाते, ती (२, २) ला भेटते, उत्तर (२, −२). बेरीज म्हणजे तिसरा छेद नाही, त्या छेदाचं एक्स अक्षातलं प्रतिबिंब. अर्ध्या स्लाइड्सवर तिसऱ्या छेदालाच 'पी + क्यू' असं लेबल लावलेलं असतं. 'उलटवायचं कशाला' असं कोणी विचारलं तर मी इन्फिनिटी मिळवून दाखवतो: पी मधून उभी रेष काढा, ती उणे पी ला भेटते, उलटवलं नाही तर पी + शून्य = उणे पी होतं, म्हणजे शून्य मिळवून पॉइंट बदलला. पुढे फार समजवावं लागत नाही. दुप्पट दाखवायला (२, २) घ्या, तिथली स्पर्शिका वाय = २एक्स − २, ती (०, −२) ला भेटते, उलटवून (०, २). फळ्यावर दोन मिनिटांचं काम आहे.

कर्व्हचा आकार

डावं टोक (या कर्व्हचं साधारण −२.३८ ला) गोल असतं, तिथली स्पर्शिका उभी असते. टोकदार काढलंत तर तो वेगळाच कर्व्ह झाला, ज्यावर ही बेरीज तशी चालत नाही. ४ए³ + २७बी² शून्य नको ही अट त्यासाठीच आहे, आणि चोच किंवा स्वतःला छेदणारी गाठ काढणारे ती अट त्याच स्लाइडवर लिहितात, याचं मला नेहमी वाईट वाटतं. उजवा हात पण बघा. तो कुशीवर पडलेल्या पॅराबोलासारखा हळूहळू आडवा होत नाही, उलट जास्त जास्त उभा होत जातो, एक्स ४ ला वाय ७.२ च्या आसपास आणि ६ ला थेट १४. आडवा काढलात तर मघाची ती चढ ३ ची रेष त्याला पुन्हा कधीच भेटणार नाही आणि परत तोच 'सर, तिसरा पॉइंट कुठंय'. जिओजेब्रा किंवा डेसमॉस वापरा, समीकरण टाका, छापा. प्रेझेंटेशनमधल्या फ्रीहँड टूलने कर्व्ह काढणं बंद करा.

गुळगुळीत कर्व्हवर फायनाइट फील्डचे ठिपके

ही सगळ्यात मोठी. फायनाइट फील्ड म्हणजे मोजकेच आकडे, इथे ० ते १६, आणि 'मॉड १७' म्हणजे प्रत्येक उत्तराला १७ ने भागून उरलेली बाकीच घ्यायची. स्लाइडवर गुळगुळीत कर्व्ह, खाली 'मॉड १७', आणि कर्व्हच्या अंगावर ठिपके. बिटकॉइनमधल्या सेकपी-२५६-के-१ या कर्व्हचं समीकरण वाय² = एक्स³ + ७ आहे, तेच छोट्या १७ वर घेऊ (खरा प्राइम २ चा २५६ वा घात वजा २ चा ३२ वा घात वजा ९७७, तो फळ्यावर मावत नाही). (१, ५) हा त्यावरचा पॉइंट, कारण २५ मॉड १७ म्हणजे ८ आणि १ + ७ पण ८. पण नेहमीच्या संख्यांमध्ये २५ म्हणजे ८ नाही, म्हणजे हा ठिपका त्या गुळगुळीत रेषेवर कधीच पडणार नाही. दोन चित्रं दोन वेगळ्या कागदांवर काढा. एकावर एक ठेवू नका.

आता पी = (१, ५) ची दुप्पट. स्पर्शिकेचा चढ = ३एक्स² भागिले २वाय, म्हणजे ३ भागिले १०. इथे घाईतली मुलं ०.३ लिहितात, आणि पायथनमध्ये साधा भागाकार टाकून वर मॉड लावणारे तर दरवर्षी भेटतात. १० चा इनव्हर्स (ज्याने गुणलं की बाकी १ उरते तो आकडा) १२, कारण १० × १२ = १२० = ७ × १७ + १. चढ ३६, म्हणजे २. दुप्पट (२, १०). (पायथन ३.८ पासून पॉव फंक्शनला घात −१ आणि तिसरा आकडा १७ दिला की इनव्हर्स मिळतो, पण पहिल्यांदा मी हातानेच काढायला लावतो, ते कंटाळले तरी.)

पुढे पी + २पी, आणि इथे मी आलेख कागद काढतो. (१, ५) आणि (२, १०), चढ ५, रेष वाय = ५एक्स. बोट ठेवून चालायचं: (३, १५), मग २० म्हणजे ३, बोट कागदाच्या वरून बाहेर पडून खालून परत आत, (४, ३), मग (५, ८). ८ चा वर्ग ६४, त्यातून ५१ गेले १३. १२५ + ७ = १३२, त्यातून ११९ गेले १३. जुळलं, हाच तिसरा छेद. 'रेष' फायनाइट फील्डमध्ये अशी असते, वर गेली की खालून येते, आणि हे बोटाने एकदा केलेलं मूल पुन्हा ठिपक्यांमधून पट्टीने सलग रेष मारत नाही. उलटवलं की १७ − ८ = ९, ३पी = (५, ९). आरसा इथे एक्स अक्षावर नाही, ८.५ च्या उंचीवर आहे, फक्त (३, ०) सारखा एखादा तळाशी एकटा असतो.

बाकीच्या पटापट. इन्फिनिटीला (०, ०) लिहू नका, आमच्या दोन्ही कर्व्हवर तो पॉइंटच नाही, आणि कर्व्ह-२५५१९ नावाच्या दुसऱ्या एका कर्व्हवर तर (०, ०) हा खराखुरा पॉइंट आहे. पी गुणिले क्यू असं काही नसतं, गुणाकार फक्त आकड्याने. उड्या मारत जाणारं ॲनिमेशन दाखवलं तर मुलांना वाटतं एक लाखपट काढायला लाख उड्या लागतात, म्हणून लगेच १३पी = ८पी + ४पी + पी करून दाखवा. बेरजेच्या सूत्रात बी कुठेच येत नाही, म्हणून समोरच्याकडून आलेला पॉइंट आपल्याच कर्व्हवर आहे का हे तपासलं नाही तर गणित गुपचूप दुसऱ्या कर्व्हवर चालू राहतं आणि त्याचा फायदा घेणारे हल्ले आहेत, चित्रात हे कधीच दिसत नाही, तोंडाने सांगावं लागतं. कंस बदलले तरी बेरीज तीच येते हे चित्राने सिद्ध करायच्या भानगडीत पडू नका.

शेवटचा अर्धा तास मी पी पासून ८पी पर्यंत सगळे हाताने काढायला लावतो: (१, ५), (२, १०), (५, ९), (१२, १), (१२, १६), (५, ८), (२, ७), (१, १२). चारनंतर यादी उलटी फिरते आणि आठवा पहिल्याच्या समोर येऊन बसतो, हे कोणीतरी स्वतःहून ओरडून सांगतंच. इन्फिनिटी धरून या कर्व्हवर १८ पॉइंट आहेत, पण हा पी नवव्यालाच इन्फिनिटीला पोचतो. मग (३, ०) देतो आणि दुप्पट करा म्हणतो. चढ काढायला जातात तर भागाकारात खाली शून्य येतं, पेनं थांबतात, आणि रेष उभी आहे हे मला सांगावं लागत नाही.