धार लावायच्या गाइडेड साधनाचे भाग लेथवर बनवून घेताय? या चुका टाळा

दगड पात्यावर ठरलेल्या कोनातच चालावा म्हणून उभा खांब, त्यावर सांधा, सांध्यातून जाणारी सळई, सळईवर दगडाचा होल्डर आणि समोर चाकू धरायला टेबल किंवा क्लॅम्प. अमेरिकेतल्या ‘एज प्रो’ कंपनीने रूढ केलेली ही रचना, आणि तिच्या स्वस्त आवृत्त्या आता आपल्याकडे ऑनलाइन सहज मिळतात. घेतल्यावर थोड्याच दिवसांत सळई भोकात खडखडते आहे, क्लॅम्प वाकतो आहे, हे जाणवायला लागतं. मग भोसरी किंवा आपापल्या गावच्या एमआयडीसीत ओळखीचा टर्नर गाठला जातो. तिथपर्यंत सगळं बरोबरच आहे. चूक होते ती त्याला काय करायला सांगायचं, इथे.

न मोजता भाग बदलणं

हातात घेतल्यावर जे हलतं तेच दोषी वाटतं. पण कोनाचा हिशेब वेगळा असतो. सांधा आणि धार यांत साधारण २०० मिमी अंतर असेल, तर सांध्यापाशी उंचीत १ मिमी फरक पडला की कोन पाव अंशापेक्षा थोडा जास्त बदलतो. म्हणजे भोकात ०.३ मिमी ढिलाई असली तरी त्याने बिघडणारा कोन ०.१ अंशाच्या आतच राहतो. तीच खडखड आपल्याला सगळ्यात जास्त खुपते, आणि तिच्यावरच पहिले पैसे जातात.

आता दगड बघा. ३ मिमीची डायमंड प्लेट काढून ६ मिमीचा दगड लावला, तर कोन जवळजवळ ०.८ अंशाने बदलतो. यावर मोठा उपाय लागत नाही. खांबावर एक कॉलर (स्क्रूने आवळायचं कडं) बसवा आणि प्रत्येक दगड बदलताना जाडीच्या फरकाएवढा सांधा वरखाली करा. ड्रिलला खोलीसाठी लावतात ती स्टॉप कॉलरसुद्धा चालते.

म्हणून आधी ०.०१ मिमीचा डायल गेज आणि चुंबकी स्टँड आणा, मित्राकडून मागून आणलात तरी चालेल. सुई सांध्याजवळ सळईवर ठेवून सळई हलवा. मग सुई पात्याच्या टोकावर ठेवा आणि दगड टेकवताना देता तेवढाच दाब बोटाने द्या. दोन्ही आकडे लिहून ठेवा. बहुतेक वेळा दुसरा आकडा पहिल्यापेक्षा मोठा निघतो.

सांध्यासाठी सरकती रेल बनवून घेणं

ही सगळ्यात महागडी चूक, आणि मी स्वतः ती केली आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

डिजिटल अँगल गेज सळईवर ठेवला की दगड धारेच्या मधोमध असताना एक आकडा दिसतो, आणि दगड टाचेकडे किंवा टोकाकडे नेला की आकडा कमी होतो. सांधा धारेच्या पातळीपेक्षा ६० मिमी वर आणि २०० मिमी मागे असेल, तर मध्यावर सळईचा उतार १६.७ अंश दाखवतो. दगड बाजूला १०० मिमी सरकवला की तोच १५ अंशावर येतो. बघणाऱ्याला वाटतं, टोकाला कोन पावणेदोन अंशांनी पडतोय. मग सांधाही दगडाबरोबर बाजूला सरकावा म्हणून लिनिअर रेल आणि गाडी बनवायची कल्पना येते.

सरळ धारेला हा खर्च वाया जातो. गेज सळईचा उतार मोजतो, दगडाच्या पृष्ठाचा नाही. एक सरळ रेषा आणि तिच्याबाहेरचा एक बिंदू मिळून एकच प्रतल ठरतं. धार ही ती रेषा, सांध्याचं केंद्र हा तो बिंदू. दगड धारेवर कुठेही न्या, तो त्याच प्रतलात राहतो. सळई लांब पडते आणि तिचा उतार कमी होतो, पण धारेशी असलेला कोन तसाच राहतो. पटत नसेल तर पात्याच्या कडेला काळ्या मार्करने रंग द्या आणि हलक्या हाताने टाचेपासून टोकापर्यंत दोन फेऱ्या मारा. सरळ भागावर रंग सगळीकडे सारख्याच पट्ट्यात निघेल.

कोन खरोखर बदलतो तो पात्याच्या गोलाव्यावर. तिथे रेल नाही, चाकूची जागा मदत करते. टोकाकडे बेव्हल (धारेला घासून झालेली तिरपी पट्टी) रुंद होत असेल तर चाकू असा सरकवा की टोक सांध्याच्या समोर जवळ येईल. अरुंद होत असेल तर टोक बाजूला लांब न्या. एकदा जमलं की त्या चाकूसाठी क्लॅम्पवर मार्करने खूण करून ठेवा.

याच्या बरोबरीने आणखी एक चूक होते: दगड सळईभोवती फिरतो म्हणून सळईला चपटा कट मारून किंवा षटकोनी सळई घालून ते फिरणं बंद करणं. वरच्याच उदाहरणात दगड बाजूला १०० मिमी नेला की प्रतलात राहण्यासाठी त्याला सळईभोवती सात अंशांच्या आसपास वळावं लागतं. सांधा उभ्या आणि आडव्या अशा दोनच अक्षांवर वळणारा असेल, तर हे वळण सळईवरच मिळायला हवं. ते बंद केलं की दगड कडेवर चढतो आणि पात्यावर ओरखडे उठतात. होल्डर सळईवर मोकळा फिरू द्या. आधी बघायची गोष्ट अशी की दगडाचं पृष्ठ सळईला समांतर आहे का.

‘आठ एमएमचं भोक मार’ एवढंच सांगणं

टर्नर आठचं ड्रिल लावून भोक मारतो, आणि ड्रिलचं भोक मापापेक्षा थोडं मोठंच निघतं. त्यात त्याची चूक नाही, आपण फिट, म्हणजे सळई भोकात किती घट्ट बसावी, ते सांगितलेलंच नसतं. ७.८ ने ड्रिल करून ८ एच७ रीमर (भोक नेमक्या मापाला आणणारं हत्यार; एच७ हा मापातल्या सुटीचा दर्जा) फिरवायला सांगा. त्यात भोक ८.००० ते ८.०१५ मिमीमध्ये राहतं. सळई ग्राउंड (ग्राइंडिंग करून मापात आणलेली) असावी आणि ती जॉबसोबत नेऊन द्या. कागदावरच्या मापापेक्षा हातातली सळई घालून बघणं टर्नरला केव्हाही सोपं. दोन्ही तोंडांना अर्ध्या मिमीचा चॅम्फर (तिरपी कड) मागा, नाहीतर बर (धातूची बोचरी किनार) राहिलेली कड सळईवर रेघ ओढते.

सळई जाड करायची असेल तर उगाच फार जाड करू नका. ताठपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो, त्यामुळे ६ ऐवजी ८ मिमी केली तरी सळई तिपटीहून ताठ होते. तेवढी पुरते. वजन वाढलं की शेवटच्या बारीक दगडावर हलका हात देता येत नाही, आणि पॉलिशची सगळी गंमत त्या हलक्या हातातच आहे. पितळेची जड मूठ बनवून घेणाऱ्यांनी हे आधीच लक्षात घ्यावं.

पाण्याच्या कामाला बॉल बेअरिंग

एलएम८यूयू हे लिनिअर बेअरिंग (आत ८, बाहेर १५, लांबी २४ मिमी) स्वस्त आहे आणि थ्रीडी प्रिंटरवाल्यांकडे पडलेलंच असतं. पण ते कडक केलेल्या सळईसाठी आहे. साध्या ३०४ स्टेनलेसवर त्याचे गोळे चरे पाडतात. शिवाय दगड पाणी घालून वापरताना निघणारा गाळ आत गेला की काही दिवसांत ते खरखरतं. इथे पितळेचा किंवा डेलरीन प्लास्टिकचा साधा बुश (सळई ज्यातून सरकते ती नळी) जास्त टिकतो, आणि गाळ पुसून काढता येतो. नायलॉन घेऊ नका. ते पाणी शोषून फुगतं आणि सळई अडकते.

क्लॅम्पकडे शेवटी बघणं

खरी मोठी चूक बहुतेक वेळा इथे सापडते. स्वयंपाकाचा साधा चाकू घ्या: पाठीला २ मिमी, धारेजवळ ०.३ मिमी, रुंदी ४५ मिमी. हा एकूण सुमारे २.२ अंशांचा निमुळतेपणा. क्लॅम्पचा एक जबडा पक्का आणि एकच हलता असेल, तर पातं पक्क्या जबड्यावर सपाट बसतं आणि त्याचा मध्य १.१ अंशाने एका बाजूला कलतो. दुसरी बाजू घासायला क्लॅम्प उलटल्यावर एका बाजूचा कोन १.१ ने जास्त, दुसऱ्या बाजूचा तेवढाच कमी. दोन बाजूंत दोन अंशांहून अधिक फरक पडला, आणि आपण मात्र ०.१ अंशासाठी बुश बदलत बसलो होतो!

मशीनिंगवर पैसे खर्च करायचेच असतील तर इथे करा. दोन्ही जबडे मधल्या रेषेपासून सारखे उघडतील असा क्लॅम्प बनवून घ्या, आणि जबड्यांची मधली रेषा फिरण्याच्या अक्षावरच येईल हे ड्रॉइंगवर स्पष्ट लिहा. तिथे १ मिमी फरक राहिला तर दोन बाजूंत अर्ध्या अंशाहून जास्त तफावत येते. तपासायला सोपं आहे. गेज पात्याच्या सपाट भागावर ठेवून आकडा घ्या, क्लॅम्प उलटून दुसऱ्या बाजूला घ्या. दोन्ही सारखे यायला हवेत. सध्या नवा क्लॅम्प परवडत नसेल तर पक्का जबडा आणि पातं यांच्यामध्ये, धारेकडच्या बाजूला, पितळी शिम (पातळ पत्र्याची पट्टी) घालून बघा. पातं थोडं तरी मध्यावर येतं.

अॅल्युमिनियमच्या जबड्यात एम६चे आटे पाडायचे असतील तर ५ मिमीचं ड्रिल आणि निदान १० ते १२ मिमी खोल आटे मागा. रोज आवळायच्या जागी हेलिकॉइल (आट्यांत बसवायची स्टीलच्या तारेची गुंडाळी) बसवलेलं बरं. स्टेनलेसचा बोल्ट स्टेनलेसच्याच आट्यात कोरडा आवळू नका, तो चिकटून बसतो आणि मग कापूनच काढावा लागतो. कॉलरला ग्रब स्क्रू (बिनडोक्याचा स्क्रू) देत असाल तर त्याच्या टोकाशी पितळेचा तुकडा घाला. नाहीतर सळईवर फोड उठतो आणि रीम केलेला बुश त्यावरून जात नाही.

अॅनोडायझिंगनंतर अडकलेली सळई

सगळं फिट बसलं, आता काळा रंग द्यावा म्हणून अॅल्युमिनियमचे भाग अॅनोडायझिंगला (पृष्ठावर ऑक्साइडचा कडक थर चढवायला) जातात, आणि परत आल्यावर सळई भोकात शिरत नाही. थराचा साधारण अर्धा भाग धातूच्या बाहेर वाढतो. २५ मायक्रॉनचा थर दिला तर भोकाचा व्यास जवळपास तेवढाच कमी होतो, आणि एच७चं सगळं टॉलरन्स (मापातली सूट) तर १५ मायक्रॉनच आहे. भोकं मास्क करून द्या, किंवा बुश दाबून बसवायचं काम अॅनोडायझिंगनंतर ठेवा. परत आलेल्या भागात रीमर फिरवायचा विचार असेल तर थर फार कडक असतो आणि रीमरची धार जाते, हे टर्नरला आधी सांगून ठेवा.